अणुक्रमांकाची सनद

शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकात अणूच्या रचनेचा धडा ज्या निःशंक स्वरात सांगितलेला असतो, त्यावरून कोणाचाही असा समज व्हावा की ही रचना आरंभापासूनच अशी सुस्पष्ट होती आणि शास्त्रज्ञांनी तिच्यावर केवळ शिक्कामोर्तब केले. मध्यभागी केंद्रक, केंद्रकात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभारहीन न्यूट्रॉन, भोवती कवचांतून फिरणारे इलेक्ट्रॉन. प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक, आणि प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. एवढे पाठ झाले की सोडियमच्या चौकटीतील ११ आणि २३ हे दोन आकडे पाहून विद्यार्थी १२ न्यूट्रॉन काढून मोकळा होतो. अध्यापनाच्या सोयीसाठी हा क्रम योग्यच आहे. परंतु इतिहासाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रोटॉनचे बारसे होण्यापूर्वी सहा-सात वर्षे, आणि न्यूट्रॉनचा शोध लागण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके, अणुक्रमांक प्रयोगाने सिद्ध झालेला होता. म्हणजे ज्या कणांच्या गणतीवरून आज आपण या संख्येची व्याख्या करतो, त्या कणांची कोणाला नीटशी ओळखही नसताना ती संख्या मात्र अचूक मोजली गेली होती. ही हकीकत मुख्यतः १९१३ आणि १९१४ या दोन वर्षांतील, मँचेस्टर व ऑक्सफर्ड येथील आहे, आणि तिचा नायक अवघ्या सत्तावीस वर्षांचा असताना रणांगणावर मारला गेला.

१८६९ च्या मार्च महिन्यात सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री मेंडेलीव्ह यांनी त्या काळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडून जी आवर्तसारणी सिद्ध केली, तिचे यश अपूर्वच होते. तिच्यात त्यांनी सोडलेल्या रिकाम्या जागा पुढे गॅलियमने १८७५ मध्ये, स्कँडियमने १८७९ मध्ये आणि जर्मेनियमने १८८६ मध्ये भरून काढल्या, आणि त्यांनी आगाऊ वर्तविलेल्या गुणधर्मांशी या द्रव्यांचे गुणधर्म इतके जुळले की शंकेखोरांची तोंडे बंद झाली. तथापि या सारणीत आरंभापासूनच एक उणीव होती. टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आणि आयोडीनचा १२६.९, नियमाप्रमाणे आयोडीन अगोदर यावयास हवे, पण तसे केले तर आयोडीन आपल्या क्लोरीन-ब्रोमीन या भाऊबंदांना सोडून परक्या घराण्यात जाऊन पडते. कोबाल्टचा भार ५८.९३ आणि निकेलचा ५८.६९, तेथेही तीच अडचण. पुढे १८९४ मध्ये आर्गॉन सापडला, तेव्हा त्याचा भार ३९.९ आणि पोटॅशियमचा ३९.१ असल्याने अडचणीत आणखी एका जोडीची भर पडली. वजनाप्रमाणे पंगत मांडावयाची असा हुकूम काढून मग तीन ठिकाणी दोघा-दोघा पाहुण्यांचे पाट वशिल्याने अदलाबदल करून द्यावे, तशातला हा प्रकार होता. टेल्युरियमचा अणुभारच चुकीचा मोजला गेला असावा, असे मेंडेलीव्ह यांना शेवटपर्यंत वाटत राहिले. पण पुनःपुन्हा मोजूनही तो आकडा हट्टाने तेथेच राहिला.

सारणीतील द्रव्यांना एक, दोन, तीन असे अनुक्रम देता येत होते, परंतु त्या अनुक्रमाला हजेरीपटातील क्रमांकाहून अधिक किंमत नव्हती. मध्ये एखादे नवे द्रव्य सापडले की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकावेत, अशी ही व्यवस्था. आणि नवी द्रव्ये सापडण्याला तर सीमाच नव्हती. सूर्याच्या प्रभामंडलातील एका अनोळखी रेषेवरून कोरोनियम आणि आकाशातील तेजोमेघांच्या रेषांवरून नेब्युलियम अशी दोन द्रव्ये काही विद्वानांनी खुशाल दप्तरी दाखल करून घेतली होती. विरल मृदांच्या मुलखात तर केवळ अंदाधुंदी होती. लँथॅनमच्या पुढची ही द्रव्ये रासायनिक दृष्ट्या एकमेकांशी इतकी मिळतीजुळती की ती विलग करावयास एकच क्षार शेकडो, प्रसंगी हजारो वेळा स्फटिकीभूत करावा लागे, आणि एवढे करूनही हाती आलेले द्रव्य एक आहे की दोघांचे मिश्रण, याचा खात्रीलायक दाखला कोणी देऊ शकत नसे. ही द्रव्ये एकंदर किती, याचे उत्तर १९१३ पर्यंत कोणापाशीही नव्हते.

आता मँचेस्टरकडे वळू. याच गिरण्यांच्या शहरात शंभर वर्षांपूर्वी जॉन डाल्टन या क्वेकर शिक्षकाने अणुवाद रसायनशास्त्रात रुजविला होता, आणि १९०७ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अर्नेस्ट रदरफर्ड कॅनडातील प्राध्यापकी सोडून येथील विद्यापीठात दाखल झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्स्डेन यांनी १९०९ मध्ये केलेला प्रयोग पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. पण तो करणे किती कष्टाचे होते, याची कल्पना आकृतीवरून येत नाही. धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडावयाचे, ते झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आपटून जो अंधुक ठिपका क्षणभर चमकतो तो सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचा, आणि एकेक ठिपका मोजावयाचा; त्यासाठी अगोदर कितीतरी वेळ गडद अंधारात बसून डोळे तयार करावे लागत. बहुतेक कण सरळ पार गेले. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून मात्र सुमारे आठ हजारांत एक कण माघारी फिरला. जे. जे. थॉमसन यांनी कल्पिलेला, धनप्रभार सर्वत्र विखुरलेला अणू खरा असता, तर असे घडणे केवळ अशक्य होते. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी निष्कर्ष काढला की अणूचा सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान त्याच्या व्यासाच्या दशसहस्रांशाइतक्या लहान जागेत एकवटलेले असले पाहिजे.

केंद्रक सापडले खरे, पण त्यावरील प्रभार किती, हे कोडे राहिलेच. विखुरलेल्या कणांच्या गणतीवरून तो अणुभाराच्या सुमारे निम्मा असावा, एवढाच अंदाज निघत होता. सोन्याच्या बाबतीत रदरफर्ड यांनी तो सुमारे १०० धरला, आणि आज आपल्याला ठाऊक आहे की तो ७९ आहे. या ठिकाणी मदतीस धावून आले ते एक हौशी गृहस्थ. आंटोनियस फान डेन ब्रूक हे हॉलंडमधील कायद्याचे पदवीधर. प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध नव्हता, पण आवर्तसारणीचे त्यांना वेड होते. १९११ पासून ते या विषयावर लिहीत होते, आणि १९१३ च्या नोव्हेंबरात ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांनी निःसंदिग्धपणे असे सुचविले की केंद्रकावरील प्रभार अणुभाराशी निगडित नसून सारणीतील अनुक्रमाशी निगडित आहे. दर पुढच्या घराला प्रभार नेमका एकाने वाढतो. पुढच्याच महिन्यात फ्रेडरिक सॉडी आणि स्वतः रदरफर्ड यांनी या कल्पनेला दुजोरा दिला. व्यावसायिक विद्वानांनी हौशी माणसाचे म्हणणे इतक्या तत्परतेने मान्य करण्याचे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात विरळाच. तरीही आपल्या क्रमिक पुस्तकांनी या डच गृहस्थांचे नाव पार गाळून टाकले आहे, हा अन्याय नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. पण कल्पना ती कल्पनाच. तिला पुराव्याची सनद हवी होती, आणि ती देण्याचे काम रदरफर्ड यांच्याच प्रयोगशाळेतील एका तरुणाने तोवर हाती घेतलेले होते.

हेन्री ग्विन जेफ्रिज मोस्ली यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ या गावी झाला. घराणे विद्वानांचे. वडील हेन्री नॉटिज मोस्ली हे १८७२ ते १८७६ या काळात सागरसंशोधनासाठी पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या ‘चॅलेंजर’ जहाजावरचे निसर्गशास्त्रज्ञ आणि पुढे ऑक्सफर्डला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. आईचे वडील शंख-शिंपल्यांच्या शास्त्रातील अधिकारी पुरुष. वडील १८९१ मध्येच वारले, आणि मुलाला वाढविले ते ॲमाबेल या आईने, जिने १९१३ मध्ये, म्हणजे मुलाच्या कीर्तीच्या वर्षीच, बुद्धिबळात ब्रिटनच्या महिलांचे विजेतेपद मिळविले. ईटनच्या शाळेत शिष्यवृत्ती, नंतर ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश, असा सरळ मार्ग. परंतु १९१० च्या पदवी परीक्षेत या तरुणाला मिळाला तो दुसरा वर्ग. परीक्षकांचा हा निर्णय त्यांच्या दृष्टीने न्याय्यही असेल. रदरफर्ड यांनी मात्र त्याला त्याच वर्षी मँचेस्टरला निदर्शक म्हणून घेतले, आणि प्रघाताप्रमाणे किरणोत्सर्गाच्या कामाला जुंपले.

१९१२ मध्ये म्यूनिकहून बातमी आली की माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले असता ते ठराविक दिशांना विखुरतात. म्हणजे क्ष-किरण हे तरंग असून स्फटिकातील अणूंच्या रांगा त्यांना मोजपट्टीसारख्या उपयोगी पडू शकतात. मोस्ली आणि त्यांचे सहकारी चार्ल्स गॅल्टन डार्विन, हे उत्क्रांतिवादाच्या प्रणेत्याचे नातू, या दोघांनी हा विषय उचलावयाचे ठरविले. मँचेस्टरमध्ये या विद्येचा जाणकार कोणी नसल्याने रदरफर्ड आरंभी राजी नव्हते. तेव्हा मोस्ली यांनी लीड्सला जाऊन विल्यम हेन्री ब्रॅग यांच्यापाशी हे तंत्र शिकून घेतले. पुढे डार्विन गणिताकडे वळले आणि मोस्ली एकटेच प्रयोगाला लागले. त्यांच्या कामाचा झपाटा भयंकर होता. रात्ररात्र प्रयोगशाळेत बसावे, आणि पहाटेच्या तीन वाजता मँचेस्टरमध्ये जेवण कोठे मिळते, या विषयात त्यांचे ज्ञान अद्वितीय होते, अशी मिस्किल आठवण डार्विन यांनी नमूद करून ठेवली आहे.

१९१३ च्या जुलैत नील्स बोर मँचेस्टरला आले. हायड्रोजनच्या अणूवरचा त्यांचा पहिला निबंध त्याच महिन्यात प्रसिद्ध होत होता. बोर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे गोष्टी सारणीच्या अवघड जागांवर आल्या, आणि निकेल अगोदर की कोबाल्ट अगोदर, असा प्रश्न मोस्ली यांनी काढला. केंद्रकाच्या प्रभाराप्रमाणे क्रम लावावयाचा तर कोबाल्टच अगोदर, यात बोर यांना शंका नव्हती. मोस्ली यांचे उत्तर थोडक्यात असे की, ते आता पाहूच.

प्रत्येक मूलद्रव्यावर क्ष-किरण सोडले असता ते आपापल्या ठराविक भेदकतेचे क्ष-किरण बाहेर टाकते, हे चार्ल्स बार्कला यांनी अगोदरच दाखविले होते. त्यातील अधिक भेदक मालिकेला त्यांनी के आणि कमी भेदक मालिकेला एल अशी अक्षरे दिली होती, ती पुढे-मागे आणखी मालिका सापडल्या तर दोन्ही बाजूंना अक्षरे शिल्लक राहावीत म्हणून. शालेय पुस्तकांतील के, एल, एम, एन या कवचांचा उगम तो हाच. मोस्ली यांना या किरणांची तरंगलांबी एकामागून एक द्रव्य घेऊन मोजावयाची होती. अडचण यंत्राची होती. नळीतील हवा काढून टाकल्यावर दर नमुन्यासाठी ती उघडावयाची आणि पंपाने पुन्हा निर्वात करावयाची म्हटले, तर आयुष्य पुरले नसते. त्यांनी नळीच्या आतच लहानसे रूळ टाकून त्यावर एक छोटी गाडी ठेवली, गाडीवर निरनिराळ्या धातूंचे नमुने ओळीने बसविले, आणि मासे पकडावयाच्या रेशमी दोरीने, पितळेच्या रिळांवर ती गुंडाळून, गाडी पुढे-मागे ओढण्याची सोय केली. हवा बाहेर, नमुना आत, आणि माणूस बाहेर बसून दोरी ओढतो आहे! एका द्रव्याचा फोटो झाला की गाडी एक घर पुढे. किरण पोटॅशियम फेरोसायनाइडच्या स्फटिकावर परावर्तित होऊन छायाचित्राच्या काचेवर रेषा उमटवीत. कॅल्शियमसारख्या द्रव्याचे किरण इतके दुबळे की साध्या हवेतही ते विरून जातात. म्हणून स्फटिक आणि काच ज्या पेटीत असत तीही निर्वात करावी लागे. एवढी तयारी झाल्यावर मात्र एकेका फोटोला मिनिटे पुरत, तास लागत नसत.

शरद ऋतूच्या काही आठवड्यांत कॅल्शियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे आणि जस्त यांचे फोटो हाती आले. जस्त शुद्ध न वापरता त्यांनी पितळ वापरले, आणि पितळाच्या फोटोत तांब्याच्या रेषा तांब्याच्या जागी व जस्ताच्या जस्ताच्या जागी स्वतंत्रपणे उमटल्या, त्यामुळे भेसळ ओळखण्याचा एक नवा, कडक मार्गही आपसूक सापडला. हे फोटो एकाखाली एक मांडले तेव्हा रेषांची एक तिरकी, समान पायऱ्यांची उतरण दिसू लागली. कॅल्शियम आणि टायटॅनियम यांच्यामध्ये तेवढे एका पायरीचे अंतर अधिक, कारण स्कँडियमचा नमुना त्यांनी घेतला नव्हता. आजच्या मोजणीने कॅल्शियमच्या मुख्य रेषेची तरंगलांबी ०.३३६ नॅनोमीटर आणि तांब्याची ०.१५४ नॅनोमीटर आहे. या तरंगलांब्यांवरून वारंवारता काढून तिचे वर्गमूळ घेतले, की ते दर द्रव्याला सारख्याच मापाने वाढते, असे मोस्ली यांना आढळले. अणुभार ओबडधोबडपणे वाढतो, कधी दोनाने, कधी चाराने, कधी मागेही येतो. पण हे वर्गमूळ एकदाही चुकले नाही. कोबाल्टची रेषा लोहानंतर एका पायरीवर, निकेलची त्यापुढे एका पायरीवर. म्हणजे मेंडेलीव्ह यांनी अणुभाराचा कौल डावलून रासायनिक स्वभावाच्या आधारे केलेला फेरफार बरोबर होता, आणि चूक अणुभाराला प्रमाण मानण्यात होती.

येथे एक बारकावा आहे, तो शाळेत सहसा सांगत नाहीत. मोस्ली यांच्या सूत्रात वारंवारता अणुक्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात नसून, अणुक्रमांकातून एक वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. आणि तिचा गुणक तीन-चतुर्थांश, जो बोर यांच्या नव्या सिद्धान्तातून जसाच्या तसा निघतो. एक का वजा करावयाचा? सर्वांत आतल्या कवचातील एक इलेक्ट्रॉन उडून गेला की त्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन येऊन पडतो आणि त्या पडण्यात क्ष-किरण निघतो, असे १९१४ मध्ये वाल्टर कोसेल यांनी म्यूनिकमध्ये मांडले. आत उरलेला दुसरा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा सुमारे एक प्रभार झाकून टाकतो, म्हणून येणाऱ्याला तो एकाने कमी भासतो. म्हणजे अणूच्या बाहेर पडलेल्या किरणाने केंद्रकाचा प्रभारही सांगितला, आणि आतले कवच किती जणांचे याची चाहूलही दिली. डाल्टन यांच्या काळापासून निव्वळ वजनावर चाललेल्या शास्त्राला अणूच्या अंतर्गृहाची अशी खबर पहिल्यानेच मिळत होती.

पहिला निबंध १९१३ च्या डिसेंबरात ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ मध्ये छापला गेला, तोवर मोस्ली मँचेस्टर सोडून ऑक्सफर्डला परतले होते. रदरफर्ड यांनी राहण्याचा आग्रह केला असता त्यांनी तो मानला नाही. आईजवळ राहावे आणि पुढेमागे तेथेच प्राध्यापकी मिळवावी, अशी त्यांची इच्छा. ऑक्सफर्डला त्यांना पगाराची जागा नव्हती. टाउनसेंड यांच्या प्रयोगशाळेत जागा आणि उपकरणे वापरण्याची मुभा, एवढाच आसरा. तेथे बसून त्यांनी ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत, म्हणजे १३ पासून ७९ पर्यंत, मजल मारली, आणि एप्रिल १९१४ च्या दुसऱ्या निबंधात सगळ्या मुलखाची जमाबंदी करून टाकली. या टापूत ४३, ६१ आणि ७५ या तीन जागा रिकाम्या आहेत, बाकी सर्व भरलेल्या, आणि दोन जागांच्या मध्ये तिसरी घुसविण्यास कोठेही वाव नाही. पूर्ण आकड्यांच्या मध्ये अपूर्णांकाचे द्रव्य कसे असणार? कोरोनियम आणि नेब्युलियम यांचा दावा त्या दिवशी निकालात निघाला, जरी त्या रेषा वस्तुतः कोणाच्या, हे कळावयास पुढे कैक वर्षे गेली. नेब्युलियम म्हणजे आयनीभूत ऑक्सिजन निघाला, आणि कोरोनियम म्हणजे अत्युच्च तापमानावरील लोह.

या निबंधाची खरी कसोटी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लागली. पॅरिसचे जॉर्ज उर्बें हे विरल मृदांचे यूरोपातील थोर जाणकार, ज्यांनी वर्षानुवर्षे स्फटिकीकरण करीत या द्रव्यांचा उलगडा केला होता, आपल्या मौल्यवान नमुन्यांच्या पुड्या घेऊन स्वतः ऑक्सफर्डला आले. त्यांतील एका नमुन्यात आपण सेल्टियम नावाचे नवे द्रव्य शोधल्याचा त्यांचा दावा होता, आणि त्यांच्या मते त्याची जागा ७२ ही होती. मोस्ली यांनी नमुने गाडीवर बसविले, दोरी ओढली, आणि ज्या प्रश्नांवर उर्बें यांचे उभे तारुण्य खर्ची पडले होते त्यांची उत्तरे अल्पावधीत त्यांच्या हाती ठेवली. कोणत्या पुडीत कोणते द्रव्य किती, हे सगळे जुळले. सेल्टियम मात्र नव्हते, केवळ इटर्बियम आणि ल्युटेशियम होते. आपला शोध असा बुडालेला पाहूनही उर्बें यांनी या पद्धतीची मुक्तकंठाने वाखाणणी केली, यात त्यांचा मोठेपणा दिसतो.

त्यानंतर मोस्ली आपल्या आईसह ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनासाठी ऑस्ट्रेलियाला गेले. ४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. अधिवेशनातील आपले काम उरकताच मोस्ली सैन्यात भरती होण्यासाठी मायदेशी निघाले, आणि घरच्यांचा व वडीलधाऱ्यांचा सल्ला न मानता त्यांनी रॉयल इंजिनियर्स या पलटणीत अधिकारपद मिळविले. १९१५ च्या उन्हाळ्यात १३ व्या डिव्हिजनमधील ३८ व्या ब्रिगेडचे संदेशवहन अधिकारी म्हणून ते गॅलिपोलीकडे रवाना झाले. मोहिमेवर असतानाच त्यांनी मृत्युपत्र लिहून आपली सर्व मिळकत प्रायोगिक संशोधनासाठी रॉयल सोसायटीच्या नावे करून दिली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चुनुक बाईरच्या टेकड्या काबीज करण्याचा जो प्रयत्न झाला, त्यात ही ब्रिगेड टेकडीखालच्या ‘फार्म’ नावाच्या सपाटीवर येऊन ठेपली. १० ऑगस्टच्या पहाटे मुस्तफा केमाल यांच्या हुकमतीखालील तुर्की फौजेने टेकडीच्या माथ्यावरून चढाई केली. ब्रिगेडियर बॉल्डविन मारले गेले. मोस्ली टेलिफोनवरून हुकूम पाठवीत असता गोळी लागून जागीच ठार झाले.

त्यांच्या मृत्यूवर रदरफर्ड यांनी ‘नेचर’ मध्ये लिहिले, आणि अशा माणसाला खंदकात धाडणे हा राष्ट्रीय बुद्धीचा अपव्यय आहे, ही तक्रार तेव्हापासून वारंवार केली गेली आहे. ती खरीच आहे. पण मोस्ली यांना कोणी धाडले नव्हते, ते आपल्या मर्जीने, किंबहुना हट्टाने गेले होते, हेही तितकेच खरे. रदरफर्ड यांच्या त्या प्रयोगशाळेची युद्धाने पार दाणादाण केली. गायगर जर्मन तोफखान्यात, तर मार्स्डेन न्यूझीलंडच्या सैन्यात. ज्यांनी अंधाऱ्या खोलीत शेजारी बसून ठिपके मोजले ते आता परस्परांच्या शत्रुपक्षात. रदरफर्ड स्वतः पाणबुड्यांचा आवाज पाण्याखाली कसा ऐकावा, या सरकारी कामात गुंतलेले. जेम्स चॅडविक हे गायगर यांच्याकडे बर्लिनला अभ्यासासाठी गेले होते, ते युद्ध सुरू होताच अडकले आणि बर्लिनजवळच्या रूलेबेन येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नजरकैदेत पडले. तबेल्यात राहून त्यांनी तेथेही प्रयोग चालविले. किरणोत्सर्गी पदार्थ म्हणून त्यांनी वापरली ती जर्मनीत आरोग्यवर्धक म्हणून विकली जाणारी, थोरियम मिसळलेली दंतमंजनाची पेस्ट.

युद्धानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९१९ मध्ये रदरफर्ड यांनी नायट्रोजनवर अल्फा कण आदळवून त्यातून हायड्रोजनची केंद्रके बाहेर पडत असल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९२० मध्ये या कणाला प्रोटॉन हे नाव मिळाले. तेव्हा कोठे मोस्ली यांची संख्या कशाची गणती आहे, हे कळले. त्याच सुमारास केंब्रिजला ॲस्टन यांनी एकाच द्रव्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंची, म्हणजे समस्थानिकांची, खानेसुमारी आरंभिली, आणि अणुभार हा केवळ सरासरीचा आकडा असल्याचे उघड झाले. टेल्युरियमची जड समस्थानिके मुबलक आहेत, आयोडीनचे एकच स्थिर समस्थानिक आहे, म्हणून सरासरी उलटी पडते. मेंडेलीव्ह यांच्या टेल्युरियमचे वजन मुळीच चुकलेले नव्हते. आणि १९३२ मध्ये रूलेबेनच्या त्याच चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधून काढला, तेव्हा सोडियमच्या चौकटीतील २३ मधून ११ वजा करण्याचा अधिकार शाळकरी मुलांना प्राप्त झाला.

मोस्ली यांनी दाखवून दिलेल्या रिकाम्या जागांसाठी मात्र बराच कलह माजला. सेल्टियम नसल्याने रिकाम्या उरलेल्या ७२ क्रमांकाचे द्रव्य १९२३ मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांनी मोस्ली यांच्याच पद्धतीने झिर्कोनियमच्या खनिजांत हुडकले, आणि त्याला हॅफ्नियम असे नाव दिले. १९२५ मध्ये वाल्टर नॉडाक, इडा टाके आणि ओटो बेर्ग यांनी जर्मनीत ४३ आणि ७५ ही दोन्ही सापडल्याचे जाहीर केले. त्यांतील ७५, म्हणजे ऱ्हेनियम, टिकले; ४३ साठी त्यांनी दिलेले मसुरियम हे नाव रद्दबातल झाले, आणि ते द्रव्य १९३७ मध्ये पालेर्मो येथे पेरिये आणि सेग्रे यांना बर्कलीहून आलेल्या, सायक्लोट्रॉनमध्ये भाजून निघालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात मिळाले. ६१ साठी १९२६ मध्ये अमेरिकेतून इलिनियम आणि इटलीतून फ्लॉरेन्शियम असे दोन दावे दाखल झाले आणि अग्रहक्कासाठी दोन्ही पक्षांत कडाक्याचे भांडण जुंपले. प्रत्यक्षात ही जागा भरली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, टेनेसी राज्यातील ओक रिज येथे, युरेनियमच्या विखंडनातून उरलेल्या राखेत. मॅरिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोरियल यांनी ते द्रव्य विलग केले, १९४७ मध्ये जाहीर केले, आणि कोरियल यांच्या पत्नी ग्रेस मेरी यांच्या सूचनेवरून त्याला प्रोमिथ्यूसवरून प्रोमेथियम असे नाव दिले. त्याच्या सर्वांत दीर्घायू समस्थानिकाचा अर्धायुकाल १७.७ वर्षेच असल्याने इलिनॉय आणि फ्लॉरेन्स येथील विद्वान ज्या खनिजांच्या पुड्यांवरून हमरीतुमरीवर आले होते, त्या पुड्यांत ते ओळखू येण्याजोग्या प्रमाणात असणे मुळातच शक्य नव्हते.